वही उघडली की पोटात गोळा येतो

प्रश्न : बीड जिल्ह्यात पाटोदा तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांवर एकतीस वर्षं शिकवून मी गेल्या वर्षी निवृत्त झाले. दिवाळीनंतर वर्गातली निम्मी पोरं आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेली असायची. त्यांच्यावर पुस्तक लिहावं असं दहा वर्षांपासून मनात आहे. तीन वह्या आणल्या, तिन्ही कोऱ्या आहेत. वही उघडली की पोटात गोळा येतो. माझी भाषा साधी, शुद्धलेखन कच्चं, आणि मी कुणी लेखिका नाही. लोक काय म्हणतील? सुरुवात कुठून करू?

उत्तर :

बाई,

शिक्षिकेला दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारायला माझी जीभ वळत नाही, तेव्हा बाईच म्हणते.

तुमचं मूळ पत्र हातानं लिहिलेलं, सहा पानांचं आहे. वर दिलाय तो त्याचा गोषवारा. सव्वीस वर्षं पुण्यात हस्तलिखितांचं संपादन करतेय, त्यामुळे कागद हातात आला की आधी शब्द मोजायची खोड लागली आहे. तुमच्या पत्रात नऊशेच्या आसपास भरले. डेमी आकाराच्या छापील पानावर मराठीचे अडीचशे-तीनशे शब्द बसतात. म्हणजे ‘मला लिहिता येत नाही’ हे सांगायला तुम्ही पुस्तकाची तीन पानं लिहून काढलीत. तेव्हा आला होता का पोटात गोळा? नसणार. अक्षर कुठं अडखळलेलं दिसत नाही.

तेव्हा का आला नाही, याचा जरा विचार करा. पत्र वाचणारी एकच बाई होती, ती तुमच्या ओळखीची नव्हती, आणि तिच्याकडून तुम्हाला शाबासकी नको होती, सल्ला हवा होता. वही उघडता तेव्हा मात्र खोलीत गर्दी होते. मागं नणंद उभी, शेजारी केंद्रप्रमुख, कोपऱ्यात तुमच्या आवडीचा कुणी थोर लेखक, आणि समोर न छापलेल्या पुस्तकाचा न झालेला प्रकाशन समारंभ. एवढ्या लोकांसमोर कुणाचाही हात थांबेल. तुम्हाला लिहायची भीती वाटत नाहीये, वाचलं जाण्याची वाटतेय. या दोन गोष्टींमध्ये सहा महिन्यांचं अंतर टाकता येतं आणि माझं सगळं उत्तर त्या अंतराबद्दलच आहे.

आधी त्या गर्दीची हजेरी घ्या. गंमत म्हणून सांगत नाही, खरंच घ्या. वहीच्या अगदी शेवटच्या पानावर एकाखाली एक नावं लिहा : हे पुस्तक कुणी वाचलं तर मला लाज वाटेल, कोण रागावेल, कोण हसेल. मी हे बऱ्याच जणांकडून करून घेतलं आहे. एका निवृत्त परिचारिकेनं माझ्यासमोर बसून यादी केली. त्यात चार नावं होती. पेपरातल्या चुकांवर लाल पेनानं गोल करणारे थोरले दीर, तालुक्यातल्या एक कवयित्री, वॉर्डातल्या जुन्या मेट्रन आणि स्वतःची सून. सून कशाला, विचारलं. म्हणाल्या, “ती म्हणेल, सासूबाईंना या वयात काय सुचतंय.” मग यादीकडे बघत राहिल्या आणि हसायला लागल्या. दीर पेपराशिवाय काही वाचत नव्हते, कवयित्रीशी दहा वर्षांत बोलणं झालेलं नव्हतं, आणि मेट्रन तर हयातच नव्हत्या. उरली सून. तिला त्यांनी सांगितलंच नाही. वर्षभर ती समजत होती की सासूबाई रामनामाची वही लिहितायत.

तुम्हीही सांगू नका. पुस्तक लिहितेय हे एकदा घरात जाहीर झालं की जेवताना ‘किती पानं झाली?’ सुरू होतं, आणि ज्या दिवशी एकही झालेलं नसतं त्या दिवशी तो प्रश्न लागतो. फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’ हे आत्मचरित्र लिहिलं ते आपल्या छोट्याशा दुकानात बसून, गिऱ्हाईक नसेल तेव्हा, घरच्यांच्या नजरेआड. लिहिलेले कागद वीसेक वर्षं त्यांनी लपवून ठेवले. पुढे ‘स्त्री’ मासिकातून ते लोकांसमोर आले आणि १९८६ साली पुस्तक झालं. त्यांना लपवावं लागलं ते धाकापोटी, तेव्हा त्या लपवण्याचं कौतुक मी करणार नाही. तुम्हाला कुणाचा धाक नाही, तुम्ही हौसेनं लपवा, आणि वीस वर्षं नकोत, सहा महिने पुरेत. त्या सहा महिन्यांत कागदावर काहीही येऊ द्या. चूक, वेडंवाकडं, रडगाणं, केंद्रप्रमुखांना शिव्या. कुणी वाचणारच नाहीये.

माझंही सांगते, म्हणजे मी उंचावर बसून बोलतेय असं वाटायला नको. मला छापखान्यातल्या माणसांवर पुस्तक लिहायचं होतं. खिळे जुळवणारे, मशीनमन, बाइंडर, माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात यातले बरेच जण भोवती होते. सहा वर्षं मी त्या पुस्तकाची तयारी केली. अनुक्रमणिका केली, ती चारदा बदलली. शीर्षकं अकरा. अर्पणपत्रिका तर इतकी घोटून लिहिली की अजून पाठ आहे. ऋणनिर्देशात कुणाचं नाव आधी यावं यावर एक अख्खी दुपार घालवली. मजकूर शून्य. दुसऱ्यांच्या हस्तलिखितात ‘इथं पसारा झालाय’ असं समासात लिहिणारी मी, माझ्या वहीत पसारा करायलाही तयार नव्हते. सुटका झाली ती अपघातानं. थोरला भाऊ नागपूरला आजारी होता, त्याला विरंगुळा म्हणून मी पत्रातून एका बाइंडरकाकांची हकिकत लिहिली. त्यांची डिंकाची खळ, त्यांचा तंबाखूचा डबा, पुस्तकाची पाठ गोल करताना ते काय पुटपुटायचे. भावानं उलट विचारलं, “मग त्यांचं पुढे काय झालं?” त्याला उत्तर देता देता चाळीस पानं झाली. अनुक्रमणिकेत त्या काकांना एक ओळही दिलेली नव्हती.

म्हणून माझं ऐका, वहीवर ‘पुस्तक’ लिहू नका. पहिल्या पानावर शीर्षक नको, प्रकरण पहिलं नको, मनोगत तर नकोच. मनोगत लिहिताना माणूस जितका खोटा बोलतो तितका तो लग्नाच्या बैठकीतही बोलत नाही.

आता भाषा. तुम्ही लिहिलंय की भाषा साधी आहे. पण तुमच्या पत्रात दोन भाषा आहेत, हे तुमच्या लक्षात आलंय का? दुसऱ्या पानावर एक वाक्य आहे : ‘स्थलांतरित ऊसतोड मजुरांच्या पाल्यांची शाळाबाह्य होण्याची समस्या निदर्शनास आली.’ हे तुम्ही लिहिलेलं नाही, तुमच्या हातून परिपत्रकानं लिहिलं. एकतीस वर्षं ‘सदर विद्यार्थी’, ‘उपरोक्त विषयान्वये’ असलं वरून आलेलं वाचलं आणि तसलंच वर पाठवलं की ते बोटांत मुरतं. पाचव्या पानावर मात्र तुम्ही लिहिलंय की चौथीतला एक मुलगा मार्चमध्ये परत आला तेव्हा पाचटानं त्याचे हात कोपरापर्यंत चिरलेले होते आणि पेन्सिल धरताना तो ती कोयत्यासारखी धरत होता. ही तुमची भाषा. तिच्यात कच्चं काहीही नाही. शिक्षकांची हस्तलिखितं माझ्याकडे पुष्कळ येतात आणि त्यांत ही परिपत्रकी मराठी हमखास असते; डॉक्टरांच्या हस्तलिखितांत ती नसते, त्यांचे रोग वेगळे.

यावर उपाय तोंडी आहे. लिहायच्या आधी ती हकिकत मोठ्यानं सांगा. कुणाला, ते मात्र नीट निवडा. दुसऱ्या शिक्षिकेला सांगितलंत तर तुम्ही दोघी ‘पट’ आणि ‘गळती’वर याल. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी असतील ना, त्यांना सांगतेय असं समजा. मावशींना ‘शाळाबाह्य’ म्हणजे काय ते ठाऊक असण्याचं कारण नाही, पण पोरगं उपाशी होतं का, हे त्या नक्की विचारतील. आणि त्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या पुस्तकात असायलाच हवं. मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवलंत तरी चालेल. बोलून टाइप करायची सोय आता मराठीतही आहे, पण ती विरामचिन्हांचा गोंधळ घालते आणि ‘कोप’, ‘वाढं’, ‘मोळी’ असे ऊसतोडीतले शब्द आले की भलतंच उमटवते. तुम्ही ध्वनिमुद्रण ऐकून स्वतःच्या हातानं उतरवा. उतरवताना आपोआप वाक्य बसतं.

शुद्धलेखनाचं एका दमात सांगून मोकळी होते. मराठी साहित्य महामंडळाचे नियम अठरा आहेत, ते पाळायला मुद्रितशोधक नावाचा माणूस पोटापाण्यासाठी बसलेला असतो, आणि त्याचं काम तुम्ही फुकट करू नका. पहिल्या लेखनात ‘आणि’चा णि पहिला की दुसरा या विचारात जो थांबला, तो पुढचं वाक्य विसरला. लक्ष्मीबाई टिळकांना लहानपणी शाळा नव्हती, अक्षरओळख झाली ती लग्नानंतर नवऱ्याकडून. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली आला तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. त्या पुस्तकात माणूस बोलताना ऐकू येतो. शिकलेल्या माणसाला ते जमायला बरंच काही विसरावं लागतं. तुमची बी.एड.ची भाषा वहीबाहेर ठेवा, चपलांच्या शेजारी.

‘मी कुणी लेखिका नाही’ हे तुमचं तिसरं कारण. वरसईचे विष्णुभट गोडसे तरी कुठं लेखक होते? यज्ञाची दक्षिणा मिळेल म्हणून उत्तरेकडे निघालेले एक गरीब भटजी, ते नेमके सत्तावन्नच्या धामधुमीत सापडले. पुष्कळ वर्षांनी त्यांनी पाहिलेलं लिहिलं, आणि ‘माझा प्रवास’ छापून आलं ते १९०७ मध्ये. बंडाचा इतिहास लिहायला माणसं बरीच होती, पण झाशीत तेव्हा एका भटजीला काय दिसलं हे सांगायला तेच एक होते. पाटोद्याच्या शाळेत दिवाळीची सुट्टी संपवून परत आल्यावर वर्गात काय दिसतं, हे सांगायला तुमच्याशिवाय कोण बसलंय?

आता सुरुवात कुठून. तुम्ही पत्रासोबत प्रकरणांची यादी पाठवलीत. पहिलं प्रकरण : महाराष्ट्रातील प्राथमिक शिक्षणाचा आढावा. दुसरं : शिक्षण हक्क कायदा २००९. तिसरं : साखर उद्योग आणि स्थलांतर. मुलं चौथ्या प्रकरणात येतात. बाई, तिथपर्यंत मीसुद्धा पोचणार नाही, आणि मला तर वाचायचे पैसे मिळतात.

ही खोड तुमची एकटीची नाही. एक निवृत्त एसटी वाहक माझ्याकडे वही घेऊन आले होते. पहिली अकरा पानं एसटीच्या इतिहासाची. १ जून १९४८, पुणे ते अहमदनगर, पहिली बस, वगैरे. सगळं बरोबर होतं आणि सगळं मला आधीच ठाऊक होतं. अकराव्या पानावर ते अडकले होते ते दीड वर्षं. चहा घेताना सहज विचारलं, मुक्कामी गाडीवर रात्री झोपायचात कुठं? तर पाऊण तास बोलले. सीटवर झोपायचं, पहाटे गावातली म्हातारी दूध आणून द्यायची, एकदा गाडीत बाळंतपण होता होता राहिलं, एका गावात ड्रायव्हरला पंचायतीनं जावई करायचं ठरवलं होतं. मी म्हटलं, हे का लिहिलं नाहीत? म्हणाले, “ते काय लिहायचं, ते तर घडलेलं आहे.” त्यांच्या मते पुस्तकात माहिती असते, आणि घडलेलं असतं ते नुसतं घडलेलं. ती अकरा पानं त्यांनी टाकून दिली नाहीत, जिवावर येत होतं. मी त्यांना ती वहीच्या शेवटी चिकटवून ठेवायला सांगितली. पुढे तीन ओळी त्यातून कामी आल्या.

घाबरलेला माणूस माहितीच्या आड लपतो. कायद्याचं कलम चुकलं तर कायदा चुकला, पण पोराच्या हाताचं लिहिलेलं कुणाला भिडलं नाही तर आपण चुकलो, अशी ती भीती. म्हणून तुमच्या यादीतली पहिली तीन प्रकरणं बाजूला ठेवा. उचल म्हणजे काय, एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी कशी धरतात, मुकादम पावसाळ्यात पैसे देऊन हंगामासाठी माणसं कशी बांधून ठेवतो, हे वाचकाला सांगावं लागेल. पण ज्या पोराच्या बापानं उचल घेतली, त्या पोराची हकिकत चालू असताना ते दोन ओळींत सांगून होतं. वेगळं प्रकरण लागत नाही.

तुमच्याकडे दोन गोष्टी आहेत ज्या बहुतेक नवशिक्यांकडे नसतात. एक म्हणजे वर्गाचे ग्रुप फोटो. शाळेसमोर रांगेत उभी पोरं, मध्ये खुर्चीवर तुम्ही. एक फोटो काढा, एका पोरावर बोट ठेवा, आणि त्याच्याबद्दल जे आठवतं ते वीस मिनिटं लिहा. दुसऱ्या दिवशी शेजारचं पोर. आठवत नसेल तर ‘हिचं नाव आठवत नाही, पण हिच्या फ्रॉकला बटणाऐवजी पिन असायची’ असं लिहा. विसरलेलंही कागदावर आलं पाहिजे. दुसरी गोष्ट म्हणजे टाचणवह्या, माळ्यावर टाकल्या नसतील तर. त्यात तुम्ही कुठल्या तारखेला काय शिकवलं ते आहे. ‘बेरीज, हातच्याची’ असं ज्या दिवशी लिहिलंय, त्या दिवशी वर्गात किती जण होते? हातचा कुणाला समजला आणि पुढचा धडा यायच्या आत कोण गाडीत बसून गेलं? आणि हो, एकतीस वर्षं रोज टाचण काढणाऱ्या बाईनं ‘मला लिहायची सवय नाही’ म्हणू नये. त्याला तुम्ही लिहिणं समजत नाही, एवढंच.

वेळेबद्दल. बाई निवृत्त होते ती नोकरीतून, घरातून नाही. तुम्ही पत्रात नातवाचा उल्लेख केलाय, तेव्हा रोज दोन तास लिहा असला सल्ला मी देणार नाही. आठवड्यातून चार दिवस, बसल्या बैठकीला तीनशे शब्द. तुमच्या अक्षरात ती दोन पानं होतात. एकशे साठ पानांचं पुस्तक, म्हणजे छापखान्याच्या हिशेबात सोळा पानी दहा फर्मे, साधारण चाळीस हजार शब्दांचं असतं. आठवड्याला बाराशे धरले तर चौतीस आठवड्यांत होतं. दिवाळीनंतर सुरू केलंत तर जूनमध्ये शाळा उघडतात त्या सुमाराला. मध्ये लग्नसराई येईल, कुणी आजारी पडेल, म्हणून पंचमी किंवा पोळा धरा. हा हिशेब मी तुम्हाला घाई करायला सांगत नाही. चाळीस हजार हा आकडा ऐकून छाती दडपते आणि तीनशे ऐकून दडपत नाही, एवढ्यासाठीच.

उजव्या पानावर लिहा, डावं कोरं ठेवा. नंतर आठवलेलं डाव्या पानावर जातं, उजवीकडे खाडाखोड होत नाही. तीस पानं होईपर्यंत मागचं वाचू नका. हा नियम मात्र कडक आहे. कालचं लिहिलेलं आज वाचलं की ते हमखास वाईट वाटतं आणि आजची बैठक ते दुरुस्त करण्यात जाते; अशी पहिली चार पानं वर्षभर दुरुस्त करत बसलेली माणसं मी पाहिली आहेत, पानं चकचकीत झाली आणि पुस्तक तिथंच राहिलं. मग दुसऱ्या दिवशी धागा कुठून उचलायचा? दही संपवताना आपण चमचाभर विरजणाला ठेवतो, तसं करा. पुढचं वाक्य काय आहे हे माहीत असताना उठा, सगळं सांगून रिकामं होऊन उठू नका. समासात दोन शब्द टिपून ठेवा : ‘बैलगाडी, कंदील’. उद्या तेवढ्यावर सुरू होतं.

आणि पोटातला गोळा? तो लगेच जाणार नाही, खरं सांगते. सव्वीस वर्षं या धंद्यात काढून, दोन पुस्तकं नावावर असून, हे उत्तर लिहायला बसण्याआधी मी गॅसची शेगडी घासून काढली. गोळा असतानाच पहिलं वाक्य लिहायचं, अगदी सपाट. ‘त्या दिवशी सोमवार होता.’ असल्या वाक्याला घाबरायचं काय कारण? चार-पाच ओळी झाल्या की हात गरम होतो. नंतर ती सपाट ओळ खोडून टाकता येते, बहुतेक वेळा खोडावीच लागते. पन्नास-साठ पानांच्या आसपास एक दुसरा झटका येतो, तोही आधीच सांगून ठेवते : हे सगळं फालतू आहे, कोण वाचणार, असं वाटून वही ट्रंकेत जाते. माझ्याकडे आलेल्या जवळजवळ प्रत्येकाला तो आला आहे. त्या आठवड्यात नवीन काही लिहू नका, नुसत्या नावांच्या याद्या करा. पोरांची नावं, कारखान्यांची नावं, पोरांनी परत येताना आणलेल्या वस्तू, कानडी मुलखातून शिकून आलेले शब्द. आठवडाभरात त्या यादीतलं एखादं नाव तुम्हाला परत वहीशी बसवतं.

आता ज्या भीतीला मी हात लावणार नाही तिच्याबद्दल. पत्राच्या शेवटी तुम्ही एका मुलीबद्दल अर्धवट लिहून थांबलात. सातवीनंतर लग्न लावून दिलं, म्हणजे एका कोयत्याची सोय झाली, एवढंच. पुढं खोडलंय. ती मुलगी आज तिशीची असेल, जवळपासच नांदत असेल. तिच्या परवानगीशिवाय तिचं आयुष्य छापायला मन धजत नसेल तर ते मन शहाणं आहे. नुसतं नाव बदलून भागत नाही. गाव तेच, साल तेच, वर्ग तोच असेल तर गावातलं शेंबडं पोरही ओळखेल कोण ते. साल हलवता येतं, दोन शाळांचं मिळून एक गाव करता येतं, किंवा तिला भेटून विचारता येतं. मी विचारण्याच्या बाजूची आहे. एका लेखकानं न विचारता मित्राची हकिकत छापली, पुस्तक गाजलं, आणि त्या मित्रानं त्याच्या घरची पायरी पुन्हा चढली नाही. ते पुस्तक मी संपादित केलं होतं आणि मीही विचारलं नव्हतं. पण हा प्रश्न छापण्याचा आहे. वहीत तिच्याबद्दल सगळं लिहा, खऱ्या नावानं लिहा, खोडू नका. काय ठेवायचं आणि काय काढायचं हे सहा महिन्यांनी बघू. एखादं पान लिहून रात्री झोप लागली नाही तर दुसऱ्या दिवशी तो विषय टाळून खिचडीच्या डाळीतल्या खड्यांवर लिहा, लाजू नका.

प्रकाशकाबद्दल तुम्ही चार प्रश्न विचारलेत, त्यांची उत्तरं आत्ता देत नाही. हस्तलिखित पुरं झाल्याशिवाय ते प्रश्न म्हणजे न लिहिण्याची सोय असते. एवढंच ध्यानात ठेवा की ‘अमुक हजार भरा, महिन्यात पुस्तक छापून देतो’ असे फोन येतील, त्यांना महिनाभर तरी हो म्हणायचं नाही. आणि आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकासाठी कुणी वेगळे पैसे मागितले तर ठेवून द्या फोन. आपल्याकडे तो राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय संस्थेकडून विनाशुल्क मिळतो.

तीन कोऱ्या वह्यांपैकी सगळ्यात स्वस्त असेल ती घ्या. चांगल्या कागदाच्या वहीत वाईट वाक्य लिहायला हात धजत नाही. नातू झोपला की बसा. फोटोतल्या पोरांपासून सुरुवात करणार असाल तर कुणापासून, हेही मी सुचवते, कारण ते तुम्हीच पत्रात तिसऱ्या पानावर सुचवलंय. दसरा झाल्यावर निघताना एक मुलगी तिची पाटी तुमच्या टेबलाखाली ठेवून गेली. “आल्यावर घीन, बाई,” म्हणाली. तिथून तुम्ही एकदम सर्व शिक्षा अभियानावर गेलात. मी पान उलटलं, मागं आले, पुन्हा शोधलं.

ती आली का परत? पाटी कुठं आहे?